जुनी भट्टी, नवे इंधन : बेकरीची भट्टी कमी खर्चात कशी सुधारावी?

मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या आदेशाने शहरातील बेकरी व्यवसायात मोठी खळबळ उडाली. मुंबईच्या हवेतील प्रदूषणासंबंधी न्यायालयाने स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणातील हा आदेश होता. लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी व तत्सम व्यवसायांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे त्यात सांगितले होते. महापालिकेने यासाठी एक वर्षाची मुदत ठेवली होती. न्यायालयाने ती निम्म्यावर आणली. नवा परवाना हवा असेल त्यालाही स्वच्छ इंधनाची अट लागू झाली. पुढे महापालिकेच्या नोटिसा निघाल्या, कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही त्या मिळाल्या, आणि जुलै २०२५ मध्ये ती मुदत संपली.

या आदेशाचा भार कोणावर पडला हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मुंबईच्या पावामागे इराणी मालक आहेत, तसेच उत्तर प्रदेशातून आलेले मुस्लिम कारागीर आणि त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने चालविलेल्या लहान लहान बेकऱ्याही आहेत. अनेकांची जागा पागडीची, भट्टी आजोबांच्या वेळची आणि नफा पावामागे काही पैशांचा. अशा माणसाला कोणी "नवा रोटरी ओव्हन बसवा" असे सांगितले की त्याच्या छातीत धडकी भरते, कारण तो खर्च लाखांत जातो.

परंतु भट्टी पाडून नवे यंत्र आणणे हा एकच मार्ग नाही. दगड-विटांची जुनी भट्टी टप्प्याटप्प्याने, हिशेबाने सुधारता येते. मुंबईबाहेर मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, सोलापूर, मिरज येथील बांधवांनीही हा विषय समजून घेतला पाहिजे. उद्या त्यांच्या नगरपालिकेची नोटीस येवो अगर न येवो, भट्टीतून फुकट जाणारी उष्णता म्हणजे त्यांच्याच गल्ल्यातून जाणारा पैसा आहे.

लाकूड स्वस्त का पडत होते?

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने मुंबईतील बेकऱ्यांची पाहणी केली, तेव्हा ४७ टक्क्यांच्या आसपास बेकऱ्या लाकडावर चालत असल्याचे आढळले. एका बेकरीत दिवसाला सरासरी १३० किलो लाकूड लागते, मोठ्या बेकरीत २५० ते ३०० किलोपर्यंत, असे या पाहणीत दिसले. यातील बरेचसे लाकूड जंगलातले नसून भंगारातले असते. मोडके फर्निचर, जुने दरवाजे-खिडक्या, पॅकिंगच्या पेट्या, प्लायवुडचे तुकडे असा हा माल असतो. ओंडक्याचे लाकूड किलोला १० ते १२ रुपये पडते, तर भंगाराचे ४ ते ५ रुपयांत मिळते. लाकूड सोडताना हात आखडतो तो या फरकामुळे.

खरा धोकाही याच मालात आहे. प्लायवुडमध्ये रासायनिक डिंक असतो, जुन्या रंगात शिसे असू शकते, सनमायका आणि पॉलिश जळताना विषारी धूर सोडतात. ज्या भट्टीत जाळ आतच करून मग निखारे बाजूला सारून पाव लावला जातो, तेथे हा धूर आणि राख पावाच्या अगदी जवळ असते. भट्टीच्या तोंडाशी रोज आठ-दहा तास उभा राहणारा कारागीर तो धूर सर्वांत आधी छातीत घेतो. कायदा बाजूला ठेवला तरी रंगाचे आणि प्लायवुडचे लाकूड भट्टीत घालणे आजच बंद केले पाहिजे. त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

आधी मोजमाप, मग खर्च

गॅसवाला, यंत्रवाला आणि मिस्त्री असे तिघेही आपापला माल विकायला येतात. त्यांच्याशी बोलण्याआधी आपल्या भट्टीचा हिशेब आपल्या वहीत असला पाहिजे. एक आठवडा पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात.

१. रोज किती किलो लाकूड जळाले. (अंदाजाने नव्हे, वजन करून.)

२. रोज किती किलो मैदा लागला आणि किती पाव निघाले.

३. भट्टी पेटविल्यापासून पहिला घाणा लावेपर्यंत किती वेळ गेला.

४. एका तापविण्यात किती घाणे निघाले आणि शेवटच्या घाण्याला किती मिनिटे जास्त लागली.

५. काम संपल्यावर भट्टीच्या बाहेरच्या भिंतीला आणि माथ्याला हात लावून पाहावा. हात ठेवता येत नसेल तर तेवढी उष्णता भिंतीतून निसटते आहे.

किलोभर मैद्यामागे किती लाकूड जळते, हा एक आकडा हाती आला की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो. दुरुस्तीनंतर हाच आकडा पुन्हा काढावा. तो उतरला नसेल तर मिस्त्रीने फक्त लेप चढवला असे समजावे.

पहिला टप्पा : भट्टीची गळती बंद करा

इंधन कोणतेही असो, गळकी भट्टी ते खाणारच. लाकूड स्वस्त असताना गळती खपून गेली; गॅसवर ती खपणार नाही. म्हणून बर्नर बसविण्याआधी हे गवंडीकाम करून घ्यावे. यात मजुरी आणि थोडे सामान एवढाच खर्च येतो.

भेगा : घुमटाच्या आतील भेगा साध्या सिमेंटने कधीही बुजवू नयेत. साधे सिमेंट तीन-चारशे अंश उष्णतेत आपली ताकद गमावू लागते आणि काही महिन्यांत त्याचे खपले पावावर पडतात. येथे फायरक्ले म्हणजे भट्टीची माती आणि कुटलेल्या फायर ब्रिकची भरड यांचा गारा लावावा. विटांमधील सांधे शक्य तितके पातळ ठेवावेत. झिजलेल्या विटा तेवढ्याच काढून त्या जागी फायर ब्रिक बसवता येतात. सबंध घुमट पाडण्याची गरज क्वचितच असते.

माथा : सर्वांत जास्त उष्णता वरून जाते. पुष्कळ भट्ट्यांच्या माथ्यावर नुसता मातीचा थर असतो, काहींवर तोही उडालेला असतो. त्यावर उष्णतारोधक विटांचा थर, सिरॅमिक फायबरची चादर किंवा व्हर्मिक्युलाइट मिसळलेला हलका गिलावा द्यावा. सिरॅमिक फायबर कापताना त्याचे बारीक तंतू उडतात, म्हणून नाका-तोंडावर मास्क हवा आणि वरून गिलावा करून तो झाकला पाहिजे. आतील बाजूला, पावाच्या जवळ, ही चादर उघडी ठेवू नये. जुन्या इमारतीत माथ्यावर फार वजन वाढवू नये. हलका रोधक थर जाड मातीपेक्षा चांगले काम करतो.

दार : एका पत्र्याचे दार म्हणजे उघडी खिडकीच. वेल्डरकडून दोन पत्र्यांचे दार करून मध्ये रॉकवूल भरावे आणि कडा चौकटीवर नीट बसतील असे पाहावे. लहानशा वर्कशॉपमध्ये एक-दोन दिवसांत होणारे हे काम आहे.

चिमणी : जाळ विझल्यावर चिमणी उघडी राहिली तर भट्टीतील गरम हवा रात्रभर वर जात राहते. चिमणीत सरकती झडप बसवावी. जाळ चालू असताना उघडी आणि निखारे पूर्ण निघाल्यानंतरच बंद, हा नियम कारागिरांना पक्का समजावून सांगावा. निखारे आत असताना झडप बंद केली तर कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू खोलीत भरतो. भट्टीशेजारीच झोपणाऱ्या कामगारांसाठी हा जिवाचा प्रश्न आहे.

ही दुरुस्ती झाल्यावर भट्टी लगेच पूर्ण तापवू नये. नव्या गाऱ्यातील पाणी एकदम वाफ होऊन बाहेर पडू लागले की पुन्हा भेगा जातात. तीन-चार दिवस लहान जाळ करून, रोज थोडा वाढवत भट्टी सुकवावी. धंदा बंद ठेवायचाच आहे तर तो आधी ठरवून, सणाचे दिवस टाळून ठेवावा.

लाकूड चालू असलेल्या गावांसाठी

जेथे अजून लाकडाला परवानगी आहे तेथील बांधवांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, लाकूड कोरडे वापरावे. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणीच असते. आपण पाण्याचे पैसे देतो आणि ते पाणी उडविण्यासाठी पुन्हा लाकूड जाळतो. लाकूड फोडून, छपराखाली, हवा खेळेल असे रचून ठेवावे. जागा नाही म्हणून ते भट्टीच्या माथ्यावर रचणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

दुसरी, जेथे जाळाची चूल भट्टीच्या बाजूला वेगळी आहे तेथे लाकूड जमिनीवर न जाळता लोखंडी जाळीवर जाळावे आणि खाली राखेसाठी जागा ठेवावी. खालून हवा मिळाली की लाकूड पूर्ण जळते. चिमणीतून निघणारा काळा धूर म्हणजे न जळलेले इंधनच असते.

दुसरा टप्पा : त्याच भट्टीत गॅस

भट्टी बंदिस्त झाली की तिच्यातच गॅसचा बर्नर बसवता येतो. मुंबईत ज्या रस्त्यावर महानगर गॅसची वाहिनी आहे तेथे पाइपचा गॅस, इतरत्र १९ किलोचे व्यापारी सिलिंडर. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यात वापरणे बेकायदेशीर आहे; तो मोह धरू नये.

हिशेब असा मांडावा. किलोभर कोरड्या लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता असते, तर किलोभर एलपीजीमध्ये सुमारे ११,०००. म्हणजे १३० किलो लाकडाची उष्णता ४१ किलो गॅसइतकी. मात्र लाकडाच्या जाळातील मोठा भाग चिमणीतून जातो. गॅसचा जाळ हवा तेवढाच ठेवता येतो आणि लगेच बंद करता येतो. बर्नर चांगला असेल आणि निम्म्या उष्णतेत तेच काम झाले असे धरले, तर सुमारे २१ किलो गॅस लागेल.

आता रुपये. समजा गॅस किलोला ९० रुपये पडतो. २१ किलोचे १,८९० रुपये झाले. भंगाराचे लाकूड ५ रुपये दराने १३० किलो म्हणजे ६५० रुपये. फरक दिवसाला १,२४० रुपये. या बेकरीत रोज ५,००० पाव निघत असतील तर पावामागे सुमारे २५ पैसे जास्त. पहिल्या टप्प्यातील गवंडीकामाने गॅस २१ वरून १६ किलोवर आणला, तर खर्च १,४४० रुपये होतो आणि फरक पावामागे १६ पैशांवर येतो. माथ्यावरच्या थराचे मोल येथे कळते. जो ओंडक्याचे लाकूड १२ रुपये दराने घेत होता त्याचे १,५६० रुपये जातच होते. त्याला सुधारलेल्या भट्टीत गॅस महाग पडत नाही.

हे आकडे नमुन्याचे आहेत. व्यापारी सिलिंडरचे दर वरचेवर बदलतात, म्हणून आपला मैदा, आपले पाव आणि त्या दिवसाचा दर घालून प्रत्येकाने गणित स्वतः करावे. लाकूड फोडणे, राख काढणे, भट्टी झाडणे यांत जाणारी मजुरी आणि वेळ वाचतो, तोही जमेस धरावा.

उस्तादाचे ऐका, पण थर्मामीटरही लावा

गॅसवर गेलेल्या भट्टीबद्दल पहिली तक्रार ठरलेली असते : "वरून रंग येतो, खालून पाव कच्चा राहतो." कारण सरळ आहे. लाकडाचे निखारे भट्टीच्या तळावर पसरून तळ तापवत होते. गॅसची ज्योत वर जाते आणि आधी घुमट तापवते. उपाय असा की, ज्योत सरळ घुमटावर न जाता फायर ब्रिकच्या आडोशाला लागून तळावर पसरेल अशी बर्नरची दिशा ठेवावी, बर्नर बंद केल्यावर थोडा वेळ भट्टी मुरू द्यावी आणि मगच पहिला घाणा लावावा. लादी पावाला साधारण २२० ते २५० अंश सेल्सियस लागतात. भट्टीत उष्णतामापक बसविला तर नवा कारागीरही तीच उष्णता रोज आणू शकतो. उस्तादाचा हात आणि नजर हवीच. ब्रून आणि कडक पावाची साल पूर्वीसारखी येण्यासाठी पहिले काही आठवडे त्यालाच प्रयोग करू द्यावेत. त्या दिवसांत एका घाण्याचा माल खराब झाला म्हणून त्याच्यावर ओरडू नये.

सुरक्षेत काटकसर नको

कमी खर्चात काम करायचे म्हणजे भंगारातला बर्नर आणि रबरी नळी जोडून मोकळे व्हायचे नव्हे. पुढील गोष्टींवर तडजोड करू नये.

ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी यंत्रणा बर्नरला असलीच पाहिजे. बंद भट्टीत गॅस साचून मग ठिणगी पडली तर स्फोट होतो. पेटविण्याआधी दार आणि चिमणीची झडप उघडून भट्टीतील हवा बदलू द्यावी. बर्नर चालू असताना झडप पूर्ण बंद होणारच नाही असा अडसर तिला ठेवावा.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत पसरतो. म्हणून सिलिंडरच्या खोलीला जमिनीजवळ झरोके हवेत आणि जवळ गटार किंवा तळघर नको. पाइपचा नैसर्गिक वायू हलका असतो, त्याला छताजवळ वाट हवी.

एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी साठविण्यास स्फोटके विभागाचा परवाना लागत नाही. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो. सहावा आला की मर्यादा ओलांडली. रिकाम्या-भरल्याचा हिशेब ठेवावा. अग्निशमन दलाचे आणि महापालिकेचे नियम वेगळे आहेत, ते जागेनुसार विचारून घ्यावेत. जागा भाड्याची असल्यास मालकाची लेखी संमती आधी घ्यावी, काम अर्धवट असताना नव्हे.

वीज आणि नवा ओव्हन कोणाला परवडतो?

विजेच्या एका युनिटमधून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. वरील २१ किलो गॅसची उष्णता विजेने आणायची तर सुमारे २७० युनिट होतात. विजेच्या ओव्हनला चिमणी नसल्याने प्रत्यक्षात याहून कमी लागतील, तरी तीन फेजची जोडणी, मंजूर भार आणि स्थिर आकार यांचा खर्च आधी विचारावा. खारी, नानकटाई, केक असा थोडा पण महागडा माल काढणाऱ्याला लहान विजेचा ओव्हन जमतो. दिवसभर पावच काढणाऱ्याने आधी हे गणित करावे.

रोटरी ओव्हन जागा कमी घेतो, तापतो लवकर आणि एका ट्रॉलीत भरपूर माल काढतो. दोन पाळ्या चालविणाऱ्या बेकरीला तो सोयीचा ठरतो. जुना घेणार असाल तर आतील हीट एक्स्चेंजरला भेग नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. तेथे भेग असली की बर्नरचा धूर सरळ पावावर येतो आणि ती दुरुस्ती जुन्या यंत्राचा सगळा फायदा खाऊन टाकते.

पैसा कोठून आणावा?

२०२० मध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी सुरू केलेल्या योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले होते. बेकरी हा त्यात बसणारा उद्योग आहे. नव्या अर्जांची आजची स्थिती जिल्हा कृषी कार्यालयात विचारावी. मात्र हे अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेले आहे. जे बांधव व्याजाचे कर्ज घेत नाहीत त्यांच्यासाठी टप्प्याटप्प्याने काम करणे याचसाठी महत्त्वाचे ठरते. गवंडीकाम आणि दार आपल्या गल्ल्यातून, बर्नर भिशीतून किंवा बिनव्याजी पतसंस्थेतून आणि मोठे यंत्र पुढे कधी भागीदारीत, अशी सांगड घालता येते. एका मोहल्ल्यातील चार-पाच बेकरीवाल्यांनी मिळून एकच मिस्त्री आणि एकाच ठिकाणाहून बर्नर घेतले, तर दरही उतरतो आणि दुरुस्तीला कोण येणार हा प्रश्नही सुटतो.

उद्यम नोंदणी नसेल तर ती करून घ्यावी. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते. तिच्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. नोटीस आलेली असल्यास गप्प बसू नये. गॅसजोडणीचा अर्ज, मिस्त्रीचे अंदाजपत्रक, दिलेली आगाऊ रक्कम यांच्या पावत्या फाइलमध्ये लावून लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. काम सुरू केल्याचा कागद हाती असलेल्याची बाजू नुसती मुदत मागणाऱ्यापेक्षा नेहमीच भक्कम असते.

पावाला ग्राहकांची कमतरता नाही. वडापाव, मिसळ, पावभाजी, खिमा-पाव, सकाळचा चहा, या सगळ्यांना तो रोज ताजा लागतो. टिकेल तो आपला हिशेब आज मांडणारा. या आठवड्यात वजनकाटा भट्टीजवळ ठेवा, वहीत आकडे लिहा, माथ्याला हात लावून पाहा. सुधारणेची सुरुवात तेवढ्यानेच होते, आणि तिला खर्च काहीच नाही.